किती खणांचे घर?

आमच्या सातारा-सांगलीकडे जुन्या माणसाला त्याचे घर केवढे आहे असे विचारले, तर तो चौरस फूट सांगत नसे. "सात खणांचं घर हाय, पुढं सोपा, वर माडी," असे सांगे आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभे राही. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, साधारण पाच फुटांचे. जेवढ्या लांबीच्या लाकडावर वरच्या माडीचा भार निर्धास्तपणे टाकता येई, तेवढा खण. चोळीचा खण वेगळा, टेबलाचा खण वेगळा. पण घराच्या खणाने बरेच काही मोजले जाई. भाडे, भावाभावांतली वाटणी आणि मुलगी द्यायच्या वेळी स्थळाची ऐपतसुद्धा.

म्हणजे घराचे माप भिंतींवर नव्हते, सांगाड्यावर होते. भिंत पांढऱ्या मातीची नाहीतर विटांची, खांबांमधली रिकामी जागा भरून काढणारी. भार सगळा लाकडावर. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. शेवटच्या दोघांना मिळून कडीपाट म्हणतात. वर छपराला आढे, आढ्यावरून उतरणारे वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौले. घर फिरले की वासेही फिरतात, ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण नातवाने वासा कुठला असे विचारले, तर बोट दाखवायला आता घरात जागा नाही.

गेली पस्तीस वर्षे मी अशा सांगाड्यांचे फोटो काढते आहे. वाड्यांचे कडीपाट, द्राक्षांचे मांडव, बेदाण्याची शेडे, विहिरी, पुलांच्या कमानी, गोदामांच्या कैच्या, विजेचे मनोरे. माणसे त्यात क्वचित. नातेवाइकांना हे विचित्र वाटते. लग्नाला जाऊन मी मांडवाच्या बांबूंच्या गाठी टिपते, अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही.

या छंदाचे मूळ बँकेच्या फायलीत आहे. मी बँकेत शेतीकर्जाचे काम पाहत होते. कर्ज दिले की ते ज्या कामासाठी दिले ते काम झाले का, हे जाऊन पाहायचे आणि फायलीला फोटो लावायचा, असा नियम. विहीर असो, गोठा असो, नाहीतर मांडव असो; फोटोत वस्तू हवी आणि तिच्यापुढे कर्जदार उभा हवा. त्यामुळे हजारो फायलींत हजारो माणसे छाती काढून, टोपी सारखी करून, आपापल्या लोखंडापुढे उभी आहेत. माझ्याकडे वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता. एका रिळात बारा फोटो. एका फेरीत आठ-नऊ कर्जदार झाले, की दोन-तीन फोटो उरत. त्या उरलेल्या फोटोंत मी कर्जदाराला बाजूला व्हायला सांगून नुसती वस्तू टिपू लागले. "माणसाबिगर फोटू? बँकेला चालंल का?" असे लोक विचारत. बँकेला चालणार नव्हते. ते माझ्यासाठी होते.

घरचे आल्बम पाहा. आजोबा, आजी, मुंज, केळवण, पहिला वाढदिवस. घर कुठेही नाही. आहे ते माणसांच्या मागे, अर्धे कापलेले, एखाद्या खांबाचा तुकडा किंवा दाराची वरची पट्टी. ज्या वास्तूत तीन पिढ्या राहिल्या तिचा एकही धड फोटो घरात नाही, असे मी मोठमोठ्या घराण्यांत पाहिले आहे. देवघराचासुद्धा नसतो.

फोटो काढता काढता पाहायला शिकवले ते तासगावच्या द्राक्षबागांनी. मांडव लांबून पाहिला तर अगदी सोपा दिसतो: ओळीत उभे केलेले लोखंडी अँगल किंवा सिमेंटचे खांब, त्यांच्या डोक्यावरून उभ्या-आडव्या तारा आणि तारांवर पसरलेले वेल. मलाही आधी त्या तारांच्या चौकटीच आवडत. एका ओळीत उभे राहिले की खांब लहान लहान होत दूरवर एका ठिपक्यात मिळतात. कुणालाही मोह व्हावा असे चित्र. मी ते टिपत असताना एक म्हातारे बागायतदार शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाईसाहेब, मदला मांडव कुनी बी दाखवील. कोपरा बघा. कोपरा धरला तर बाग धरली."

मग त्यांनी मला बांधाच्या कडेने फिरवले. मधले खांब फक्त वरचे वजन जमिनीवर उतरवतात. तारा ताठ ठेवण्याचे काम कडेच्या खांबांचे. हे खांब बाहेरच्या बाजूला कललेले असतात आणि प्रत्येकाला मागून तारेचा ताण दिलेला असतो. ती तार जमिनीत खोल पुरलेल्या दगडाला बांधलेली असते. दगड दिसत नाही. मातीतून वर आलेली वीतभर तार तेवढी दिसते. माल पक्व झाला, घड रसाने जड झाले, वरून अवकाळी पाऊस आणि वारा आला, की सगळ्या बागेचे ओझे त्या वीतभर तारेवर येते. कोपऱ्याचा ताण सुटला की पुढच्या खांबावर दुप्पट भार पडतो, मग त्याच्या पुढच्यावर, आणि वर्षभराचा खर्च झालेली बाग बघता बघता जमिनीवर बसते. अशा बसलेल्या बागाही मी पाहिल्या आहेत. तिथे फोटो काढायला हात होत नाही. पण नंतर जुने फोटो काढून पाहिले, तेव्हा दिसले की कर्जाच्या फायलीतल्या एकाही फोटोत कोपरा नव्हता. कर्जदार नेहमी फाटकापाशी, बागेच्या ऐन मध्यावर उभा. त्या दिवसापासून मी कुठेही गेले तरी आधी कोपरा शोधते.

तासगाव-कवठेमहांकाळकडची बेदाणा शेडे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाहावीत. अँगलच्या मांडणीवर एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात, आठ-दहा थर, आणि प्रत्येक थरावर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढलेली द्राक्षे पसरलेली. वर छप्पर, बाजू मोकळ्या. उन्हात वाळवायचे नाही, वाऱ्यावर वाळवायचे, म्हणून हा सगळा खटाटोप. पंधराएक दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतो आणि जाळीची झोळी वर उचलली जाते. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी एकाच जागेवरून फोटो काढला तर वजन किती गेले ते जाळीच्या बाकावरून दिसते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून बेदाण्याचे फोटो आले. शेडाचा मला कुठे दिसला नाही.

माझ्यासारखे वेडे जगात आणखी आहेत हे मला फार उशिरा कळले. जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेखर नावाचे नवरा-बायको होते. १९५९ पासून त्यांनी जन्मभर पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे लोखंडी मनोरे, गॅसच्या टाक्या, भट्ट्या यांचेच फोटो काढले. नेहमी समोरून, नेहमी ढगाळ आकाशात, सावली पडणार नाही अशा बेताने, आणि माणूस एकही नाही. मग एकाच जातीच्या नऊ-बारा वस्तूंचे फोटो चौकटीत ओळीने लावायचे. एकटी टाकी पाहताना जे लक्षात येत नाही ते बारा टाक्या शेजारी शेजारी ठेवल्या की दिसू लागते. कुणी पाय जास्त दिले, कुणी पट्ट्या तिरप्या टाकल्या. बेर्न्डच्या झीगेन या जन्मगावाकडची लाकडी चौकटींची घरे त्यांनी टिपली, त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले. त्या भागात लोखंड वितळवायला लाकूड लागे, म्हणून घरबांधणीत लाकूड जपून वापरावे असा कायदाच होता. त्यामुळे तिथल्या सुतारांनी शोभेचे लाकूड टाळले आणि भार पेलायला लागेल तेवढेच ठेवले. तीच त्या घरांची नक्षी झाली. १९९० साली व्हेनिसच्या प्रदर्शनात या जोडप्याला मोठे पारितोषिक मिळाले, तेही छायाचित्रकलेचे नव्हे, शिल्पकलेचे! हे वाचून मला फार बरे वाटले. आमच्या वाड्यांतला कडीपाट तरी दुसरे काय आहे?

एक गोष्ट मात्र मी त्यांच्यासारखी करत नाही. त्यांच्या फोटोंत माणूस नसतो. माझ्या फोटोंत कोपऱ्यात का होईना एखादा हात, झाडू, कळशी असते. बँकेची सवय म्हणा. पण कळशी असली की खांबाची जाडी कळते.

सांगाडे बघायची सवय लागली की घरातही करमणूक होते. भांड्यांची लाकडी मांडणी डुलायला लागली, तर सुतार काय करतो? मागच्या बाजूला कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरपी पट्टी ठोकतो. बस्स. आमच्या सुतारांनी मला एका वाक्यात सांगितले होते: "चौकोन डुलतो, तिकोन डुलत नाही." चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडल्या तर चौकट कलंडून चपटी होते, तीन पट्ट्या तीन खिळ्यांनी जोडल्या तर तुटेपर्यंत आकार बदलत नाहीत. छपराखालच्या त्या तिकोनी चौकटीला आपले कारागीर कैची म्हणतात. साखर कारखान्याच्या गोदामात उभे राहून वर पाहिले, की अशा कैच्या रांगेने दिसतात. महामार्गाने जाताना विजेचे मनोरे बघा: खालपासून वरपर्यंत नुसते तिकोन. माझ्या नातवाला मी हे गाडीत मोजायला लावते. सातारा ते कराड तो शांत बसतो. कारखानदारीचा इतिहास शिकवायचा तर मी मुलांना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीला नेईन आणि चरित्राच्या आधी छपरे दाखवीन.

दगडाचा हिशेब वेगळा. लाकूड आणि लोखंड ताण सोसते, दगड दाब सोसतो. सांगलीच्या कृष्णेवरचा आयर्विन पूल संस्थानाच्या काळात बांधला गेला आणि १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला. पुलाच्या कमानी सकाळी पाण्यात उलट्या पडतात तेव्हा गोल पुरे होतात. सांगलीचा जवळजवळ प्रत्येक हौशी फोटोवाला तो फोटो काढतो. मीही काढला आहे. पण सांगलीकरांना हा पूल खरा माहीत आहे तो पाण्याच्या पातळीसाठी. पावसाळ्यात "आयर्विनला किती?" एवढेच विचारतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. माझ्याकडे एकाच जागेवरून, वेगवेगळ्या वर्षी काढलेले पुलाचे फोटो आहेत. काहींत कमान अख्खी आहे, काहींत अर्धी, आणि काहींत कमानीची नुसती भुवई पाण्यावर उरली आहे. पुलाखाली पाणी जायला जागा किती उरली, हे आकड्यापेक्षा त्या भुवईवरून लवकर कळते. पूर ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले, तेव्हा नदीकाठच्या गावांत लोक पडलेल्या मातीच्या घराचा पूर्वीचा फोटो शोधत होते. सापडत होते ते लग्नाचे. नवरा-नवरीच्या मागे भिंत होती, पण ती आपलीच हे कशावरून?

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. खोली सुमारे एकशे दहा फूट, व्यास पन्नास फूट. बारा मोटांची म्हणतात, पण दगडी जागा मोजल्या तर पंधरा भरतात. आत अष्टकोनी विहीर, पुढे पायऱ्यांची लांबट वाट आणि दोन्हींच्या मध्ये पाण्यावर बांधलेला छोटा महाल. तिथे सहलीची गर्दी असते आणि सगळे महालाच्या कमानीत उभे राहून फोटो काढतात. माझे आवडते ठिकाण वर, काठावर आहे. मोटेचा नाडा, चाक, पाणी पडायचे थारोळे, बैलांची धाव, हे शब्द ज्यांनी लहानपणी ऐकले त्यांना काठावरच्या दगडांची मांडणी वाचता येते. वर उभे राहिले, की विहिरीत लटकणारी पंधरा ओझी आणि बाहेरच्या बाजूला ओढणाऱ्या बैलजोड्या दिसू लागतात. अष्टकोनाच्या भिंतीवर आतून वर्षानुवर्षे काय काय आले असेल आणि तो तीनशे वर्षे का उघडला नाही, हे मग समजते: मागची माती आत ढकलते आणि दगड एकमेकांना दाबून धरतात. कमान आडवी झोपवली म्हणजे विहीर झाली.

काही बांधकामांचा फोटो निघतच नाही. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावी, हळद साठवायची पेवे आहेत. जमिनीत खोदलेली खोल, पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद अशी पोकळी. ना खांब, ना वीट, ना चुना. तिथली माती तशी घट्ट आहे म्हणून हे जमते. पेव उघडल्यावर आत हवा कोंडलेली असते, म्हणून जाणते लोक आधी दिवा सोडून पाहतात. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरून अनेक पेवे निकामी झाली. माझ्याकडे एका पेवाचा फोटो आहे: काळे वर्तुळ, शेजारी दोर. पाहणाऱ्याला वाटते, फोटो बिघडला.

कोयनेचे धरण तसे उलट; ते लांबून बघणाऱ्यालाही कथा सांगते. १०३ मीटर उंचीचे हे धरण ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात उभे राहिले, पण त्याला तडे गेले, आणि मग त्याच्या नदीकडच्या अंगाला काँक्रीटचे जाडजूड टेकू देण्यात आले. ते टेकू म्हणजे त्या रात्रीची सही आहे. कोयनानगरची घरे पडली, माणसे गेली, आणि आज तिथे जाणाऱ्या मुलांना टेकू दाखवले तरच भूकंप दिसतो.

आता वाड्याची गोष्ट सांगते; ती सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण ती घरातली आहे.

साताऱ्याच्या एका पेठेत माझे आजोळ. दोन चौकांचा वाडा, पुढे दिंडी दरवाजा, मागे परसू आणि आड. नव्वदच्या दशकात एका दिवाळीत मी तिथे दोन रिळे संपवली. मला कडीपाटाच्या ओळी हव्या होत्या. दुपारी चौकातले ऊन फरशीवर पडून खालून छताला उजेड देई, तेव्हा एकेक कडी वेगळी दिसे. मामींनी तेव्हा माझी थट्टा केली होती, "अगं, आम्ही एवढ्या नटून बसलोय आणि तू कोळिष्टकांचे फोटो काढतेस!"

पुढे वीसेक वर्षांनी वाडा बिल्डरला द्यायचे ठरले. वाटण्या आजोबांच्या पश्चात कधीच झाल्या होत्या. वाटणीपत्रात धाकट्या मामाच्या नावे मागच्या चौकाच्या उत्तरेकडचे "तीन खण वरील माडीसह" असे लिहिलेले. मामा गेले होते. मूलबाळ नाही. मामी एकट्या दोन खोल्यांत राहत होत्या, कारण फार पूर्वी कुणीतरी सोयीसाठी मध्ये विटांची भिंत घातली होती आणि तिसऱ्या खणात सगळ्यांचे अडगळीचे सामान असे. बिल्डरच्या माणसाने टेप लावून ताब्यातली जागा मोजली. दोन खोल्या. त्या हिशेबाने मामींच्या वाट्याला येत होते ते एवढेसे, की त्यात एका माणसाचे राहणे कसेबसे झाले असते. खण म्हणजे किती, आणि तीन कुठून मोजायचे, हे विचारल्यावर सगळे गप्प. मातीचा गिलावा, वर रंग, खाली खोटे छत. खांब कुठे दिसतच नव्हते. आणि काम सुरू झाल्यावर तर विचारायलाही काही उरणार नव्हते.

मी कपाटातून ते फोटो काढले. सोबत निगेटिव्ह आणि स्टुडिओचे पाकीट, त्यावर तारीख. भिंत अलीकडून दिसत होती आणि पलीकडून दिसत होती. पण तिच्यावरून तुळई सलग गेली होती. मध्ये सांधा नाही. खाली चार हस्त. म्हणजे चार खांब, तीन खण. भिंत घालणाऱ्याने घातली, पण तुळई कुणी कापली नव्हती. वकिलांनी फोटोवर बोट ठेवून खोटे छत काढायला लावले. फोटोत होते तेच वर होते.

मामींचा हिस्सा तीन खणांनी धरला गेला. त्या आता त्याच जागी झालेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेची खिडकी. त्यांच्या हिश्शात जे वाढले ते इतरांच्या हिश्शातून गेले, हे उघडच आहे. "फोटो काढून भांडणं लावलीस," असे एक मामेभाऊ म्हणाला आणि अजून तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो. त्याची बाजूही मला कळते. त्याच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी होते. वाडा उतरवला तेव्हा लाकूड घनफुटावर विकले गेले. ती सलग तुळई दोन माणसांच्या हातून हलेना, मग करवतीने तिचे तीन तुकडे केले. तेही मी टिपले. मामींना दाखवले नाही.

हे वाचून कुणाला आपल्या घराचे फोटो काढावेसे वाटले, तर कॅमेऱ्याची चिंता करू नका; आता सगळ्यांच्या हातात फोन आहे आणि रीळ संपायची धास्ती नाही. फक्त फोन तिरका धरू नका. तिरके फोटो झोकदार दिसतात, पण त्यात खांब उभा होता की कलला होता हे पुढच्या माणसाला कळत नाही. भिंतीसमोर सरळ उभे राहावे, जमेल तेवढे मागे जावे, ढगाळ सकाळ निवडावी. दर्शनी भागाचे कौतुक पुरे. जिन्याखाली, माळ्यावर, परसाकडे जावे. दोन लाकडे जिथे भेटतात तिथला एक जवळून घ्यावा, आणि फोटोत एखादी घरातली वस्तू ठेवावी. छापून घेतला तर मागे पेन्सिलीने लिहावे: कुठली दिशा, कितवा खण, कोणते साल. फोनमधले हजार फोटो शोधायला वेळ लागतो, पाठीवर लिहिलेला एक पुरतो. आणि हे दिवाळीत करावे. सगळे घरी असतात आणि कोळिष्टके नुकतीच काढलेली असतात.

कवठेमहांकाळच्या बाजूला लाकडी खांबांवरचा एक जुना मांडव अजून उभा आहे, असे एका जुन्या कर्जदाराने कळवले आहे. मालक पुढच्या वर्षी तो काढून अँगल लावणार आहे. पानांत मांडव दिसत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली, की वेल उघडे होतात आणि डोळे फुटेपर्यंतचे आठ-दहा दिवसच तारा, खांब आणि कोपरे नीट दिसतात. छाटणीची तारीख कळवा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.